परसबागेतील कीडनियंत्रण आणि नोंदीचा प्रश्न : कडुनिंबाच्या पेटंटविवादाच्या संदर्भात

प्रस्तावना

तुळस, कढीपत्ता, पुदिना या वनस्पती मराठी घराच्या अंगणात व परसात पिढ्यान्‌पिढ्या वाढविल्या जातात. त्यांची पाने थेट आहारात वा काढ्यात जात असल्याने मावा, पिठ्या ढेकूण किंवा कढीपत्त्यावरील लिंबू फुलपाखराच्या अळ्या यांवर विषारी फवारणी करणे धोक्याचे ठरते. म्हणूनच कडुनिंबासारखे उपाय घरोघरी रूढ झाले. हे घरगुती ज्ञान इतिहासाचे साधन म्हणून कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथपरंपरा

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. झाडाचा रोगट भाग शस्त्राने काढून तेथे वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूधमिश्रित पाणी घालावे, असा उपचार त्यात सांगितला आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात सुरक्षित राहिले व त्याचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये सिकंदराबाद येथून प्रसिद्ध झाला. लिहिले गेले म्हणूनच हे ज्ञान पुन्हा हाती आले. परसातील मौखिक ज्ञानास हे भाग्य क्वचितच लाभले.

प्रयोगशाळेतील नोंद

दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये निंबोळीच्या बियांचे द्रावण टोळांना पिकापासून परावृत्त करते, हे दाखवून दिले. १९६८ मध्ये ब्रिटनमधील बटरवर्थ व मॉर्गन यांनी बियांतील 'अझाडिरॅक्टिन' हे द्रव्य वेगळे केले. त्यामुळे कीटकांचे खाणे मंदावते आणि कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा येतो. सूर्यप्रकाशात ते लवकर विघटित होते. म्हणून अर्क सायंकाळी व पुनःपुन्हा फवारावा लागतो. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून गाळल्यास पाच टक्के अर्क मिळतो.

पेटंटविवाद

१९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचे कृषि खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना कडुनिंब तेलाचे पेटंट दिले. ते कीटकांसंबंधी नसून वनस्पतींवरील बुरशीच्या नियंत्रणासंबंधी होते, हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. डॉ. वंदना शिवा, माग्दा आल्वोएत व सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्यास आव्हान दिले. पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर १९८५ व १९८६ मध्ये झालेल्या चाचण्यांची साक्ष या सुनावणीत महत्त्वाची ठरली. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले; मार्च २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले.

निष्कर्ष

'आमच्याकडे पूर्वापार चालत आले आहे' या विधानापेक्षा स्थळ व काळ सांगणारी साक्ष अधिक बळकट ठरते, हा या विवादाचा धडा होय. २००१ मध्ये सुरू झालेले पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय मुख्यतः ग्रंथांवर आधारलेले आहे. मौखिक ज्ञानासाठी जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद झाली. तथापि परसात कोणत्या वनस्पतीवर, कोणत्या किडीसाठी, किती प्रमाणात, काय वापरले जाते, हे सांगणारी पिढी हळूहळू मावळत आहे. इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन, सांगणाऱ्याच्या संमतीने व दिनांकासह अशा नोंदी केल्यास महाविद्यालय हे या ज्ञानाचे विश्वसनीय दफ्तर ठरू शकेल.