डीव्हीडीचे विभागबंधन आणि लॅपटॉप-संगणक : एक ऐतिहासिक विवेचन

परदेशी पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्यांवर ‘विक्री केवळ भारतीय उपखंडापुरती’ अशा आशयाची सूचना छापलेली असते. ही सूचना विक्रेत्याला बांधते, वाचकाला बांधत नाही. तो ग्रंथ घेऊन कोणी लंडनला वा न्यूयॉर्कला गेला तर त्याची पाने तेथे उघडेनाशी होत नाहीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीव्हीडी या नावाने जी चित्रपट-तबकडी बाजारात आली, तिच्या बाबतीत मात्र विक्रीची हद्द हीच पाहण्याचीही हद्द ठरविण्यात आली आणि ती राखण्याचे काम कोणा अधिकाऱ्याकडे न देता खुद्द ग्राहकाच्या यंत्राकडे सोपविण्यात आले. या व्यवस्थेचा जाच लॅपटॉप-संगणकाच्या मालकाला जितका झाला तितका इतर कोणाला क्वचितच झाला असेल. तो का झाला, आणि निरनिराळ्या देशांतील कायदे ग्राहकाच्या बाजूला झुकल्यावरही तो का संपला नाही, हा येथे विचाराचा विषय आहे.

परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या यंत्रनिर्मात्या कंपन्यांनी १९९५ साली एकाच तबकडी-प्रकारावर मान्यता दिली. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात व मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत या तबकड्यांची विक्री सुरू झाली. अमेरिकन चित्रसंस्थांच्या संमतीवाचून नव्या तबकडीला बाजार मिळणे अशक्य होते, आणि त्या संमतीची किंमत दुहेरी होती. तबकडीवरील चित्र ‘कन्टेंट स्क्रॅम्बल सिस्टीम’ (सीएसएस) नावाच्या सांकेतिक लिपीत बद्ध असावे, ही पहिली अट. जगाचे विभाग पाडून प्रत्येक तबकडीवर व प्रत्येक यंत्रावर विभागाचा क्रमांक नोंदवावा, ही दुसरी. पहिली अट नक्कल रोखण्यासाठी होती असे निदान म्हणता तरी येत होते. दुसरीचा नक्कलेशी काहीएक संबंध नव्हता.

विभागांचा नकाशा पाहण्याजोगा आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा हा पहिला विभाग. दुसऱ्यात पश्चिम युरोप, मध्यपूर्व आणि जपान एकत्र आले. इजिप्त व दक्षिण आफ्रिका हेही याच पंक्तीला बसविले गेले. तिसऱ्यात आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, तैवान व हाँगकाँग. चौथ्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि लॅटिन अमेरिका, म्हणजे अमेरिकेला खेटून असलेला मेक्सिको पॅसिफिक ओलांडून सिडनीचा शेजारी झाला. पाचव्यात भारतीय उपखंड, रशिया, आफ्रिकेचा बहुतेक भाग, मंगोलिया व उत्तर कोरिया. सहाव्यात एकटा चीन. सातवा क्रमांक राखून ठेवला आणि आठवा विमाने व जहाजे यांसाठी योजला. भाषा, संस्कृती वा राजकीय संबंध यांपैकी कोणत्याही कसोटीवर या नकाशाचा उलगडा होत नाही. तो चित्रपट-वितरकांच्या वेळापत्रकाचा नकाशा आहे.

वेळापत्रकाचे कारण मुळात खोटे नव्हते. अमेरिकेत प्रदर्शित झालेला चित्रपट युरोपातील वा आशियातील चित्रगृहांत काही महिन्यांनी पोहोचत असे. तेवढ्या अवधीत अमेरिकेत तबकडी निघाली व ती टपालाने परदेशी गेली तर तेथील चित्रगृहे ओस पडतील, ही वितरकांची भीती होती. पण या युक्तिवादाने नव्या चित्रपटांचेच समर्थन होते. अर्धशतकापूर्वी चित्रगृहांतून उतरलेल्या चित्रपटांच्या तबकड्यांवरही तेच क्रमांक पडले. मार्च २००९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांना २५ अभिजात अमेरिकन चित्रपटांच्या तबकड्या भेट दिल्या. त्या पहिल्या विभागाच्या असल्याने ब्रिटिश यंत्रावर चालत नाहीत, असे वृत्त तेथील वृत्तपत्रांनी मोठ्या चवीने छापले. थट्टेचा भाग सोडला तरी त्या वृत्तातून एवढे स्पष्ट होते की, वेळापत्रकाचे कारण संपल्यावरही कुलूप तसेच राहिले होते. ज्या बाजारात जी किंमत मिळेल ती घ्यावी आणि एका बाजारातील माल दुसऱ्यात जाऊ देऊ नये, हा हेतू मग झाकून राहत नाही. याउलट भारतीय चित्रपटांच्या तबकड्या बहुतांशी सर्व विभागांना मोकळ्या ठेवलेल्या असत. ज्यांचा प्रेक्षक मुंबईपासून लंडन-न्यू जर्सीपर्यंत पांगलेला, त्यांना या भिंतींत लाभ दिसला नसावा.

हे बंधन कोणत्याही राष्ट्राच्या विधिमंडळाने घातलेले नव्हते, ही बाब ध्यानात घेणे अगत्याचे आहे. सीएसएसच्या किल्ल्या हव्या असतील तर यंत्रनिर्मात्याने परवाना-करारावर सही करावी, आणि त्या करारात विभागक्रमांक पाळण्याचे कलम असावे, अशी ही रचना होती. घरगुती डीव्हीडी-यंत्राच्या बाबतीत या कलमातून वाटा लवकरच निघाल्या. दूरनियंत्रकाची ठरावीक बटणे ठरावीक क्रमाने दाबली की यंत्र सर्व विभागांच्या तबकड्या स्वीकारू लागे, अशी यंत्रे युरोपात व आशियात उघडपणे विकली जात. या पळवाटेवर उपाय म्हणून २००० सालापासून काही तबकड्यांतच यंत्राचा विभाग तपासणारी आज्ञावली घालण्यात आली.

संगणकाची गोष्ट निराळी होती. तेथे तबकडी वाचणारा ड्राइव्ह एक आणि चित्र दाखविणारी आज्ञावली दुसरी. ‘आरपीसी-१’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या पिढीच्या ड्राइव्हला विभागाची काही फिकीर नव्हती. तपासणी व विभाग-बदलांची मोजणी आज्ञावलीकडे असे. साहजिकच, ती नोंद पुसून टाकली वा आज्ञावली नव्याने बसविली की मोजणीही नव्याने सुरू होई. ही ढिलाई करारकर्त्यांना रुचण्याजोगी नव्हती. १ जानेवारी २००० पासून निघणारे ड्राइव्ह ‘आरपीसी-२’ प्रकारचेच असले पाहिजेत असे ठरले. या प्रकारात विभागक्रमांक व बदलांची मोजणी ही दोन्ही ड्राइव्हच्या स्वतःच्या स्मृतीत, फर्मवेअरच्या ताब्यात गेली. तबकडीचा क्रमांक जुळला नाही तर ड्राइव्ह चित्राची किल्ली संगणकाच्या हाती देतच नाही. मालकाने विभाग पाच वेळा बदलावा. पाचव्या बदलानंतर जो विभाग असेल तो कायमचा. निर्मात्याने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने ही मोजणी चार वेळा पूर्ववत् करून द्यावी एवढी मुभा करारात होती, म्हणजे एका ड्राइव्हच्या आयुष्यात अधिकात अधिक पंचवीस बदल. ही मुभा बहुसंख्य ग्राहकांच्या कानीही आली नाही. संगणकाची सर्व स्मृती पुसली, नवी प्रणाली घातली, तरी ड्राइव्हमधील आकडा ढळत नसे.

लॅपटॉपवरील परिणामाचे मर्म येथेच आहे. मेजावरील संगणकाच्या पेटीत दुसऱ्या ड्राइव्हला जागा असते; एक ड्राइव्ह पाचव्या विभागाचा व एक पहिल्या विभागाचा बसविला की प्रश्न मिटतो. लॅपटॉपात जागा एकाच सडपातळ ड्राइव्हची, आणि तोही पुष्कळदा त्या विशिष्ट यंत्राच्या मापाचा. शिवाय मेजावरचा संगणक देशांतर करीत नाही. लॅपटॉप मात्र देशांतर करणाऱ्याच्याच हाती असतो, किंबहुना त्यासाठीच तो निर्माण झाला. पुण्याहून वा मुंबईहून अमेरिकेतील विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याच्या यंत्राचा विभाग पाचवा, तर तेथील ग्रंथालयातून त्याच्या हाती येणारी तबकडी पहिल्या विभागाची. युरोपीय चित्रपटाचा अभ्यास करणाऱ्याला दुसऱ्या विभागाच्या तबकड्या मागवाव्या लागत. प्रत्येक वेळी पडद्यावर विचारणा येई : विभाग बदलावयाचा काय? आणखी इतके बदल उरले आहेत. पासपोर्टावर शिक्के कितीही पडले तरी नवी पुस्तिका मिळते; या मोजणीला नव्या पुस्तिकेची सोय व्यवहारतः नव्हती.

उपाय निघाले, पण तेही लॅपटॉपपाशी येऊन अडखळले. हौशी तंत्रज्ञांनी अनेक ड्राइव्हांसाठी मोजणीविरहित फर्मवेअर तयार केले. ते चढविताना चूक झाली तर ड्राइव्ह कायमचा निकामी होण्याची भीती असे, आणि लॅपटॉपचा ड्राइव्ह बदलणे हे खर्चाचे व कटकटीचे काम. दुसरी वाट सांकेतिक लिपीच उलगडण्याची. ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘डीसीएसएस’ ही आज्ञावली प्रसिद्ध झाली. तिच्याशी नाव जोडले गेलेल्या नॉर्वेच्या यॉन लेक योहान्सनचे वय त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. सीएसएसची किल्ली अवघ्या चाळीस बिटांची, शिवाय तिची रचना सदोष. त्यामुळे ड्राइव्हकडून किल्ली न मागता ती गणिताने शोधून काढणे शक्य झाले. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलेल्या ‘व्हीएलसी’ या आज्ञावलीने हीच पद्धत स्वीकारली व ती जगभर पसरली. पण किल्ली गणिताने शोधावयाची तरी ड्राइव्हने तबकडीवरील सांकेतिक मजकूर वाचून द्यावा लागतो. लॅपटॉपांत बसविलेले काही ड्राइव्ह, विशेषतः ‘मात्शिता’ या ओळखनावाचे, विभाग न जुळल्यास तोही देत नसत. मेजावरील संगणकावर सहज यशस्वी झालेली युक्ती प्रवाशाच्या यंत्रावर निष्फळ होई ती यामुळे.

न्यायालयांचा व विधिमंडळांचा इतिहास याच काळात समांतर चालला होता. अमेरिकेत १९९८ च्या ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट’ने तांत्रिक कुलूप मोडणे हाच स्वतंत्र अपराध ठरविला आणि ऑगस्ट २००० मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्यीय न्यायालयाने डीसीएसएसच्या प्रसारास मनाई केली. विभागबद्ध तबकड्यांना या कायद्यातून सूट मिळावी अशी मागणी २००३ सालच्या फेरविचारात फेटाळण्यात आली. विभाग मर्यादित वेळा बदलता येतो, परविभागाचे यंत्र वेगळे विकत घेता येते, तेव्हा अडचण गैरसोयीपलीकडे जात नाही, असा त्यामागील विचार होता. एकच ड्राइव्ह पाठीवर वाहणारा मनुष्य या विचारात कोठे बसतो हे सांगणे कठीण. नॉर्वेत मात्र योहान्सनवरील खटला २००३ मध्ये दोनदा, प्रथम जानेवारीत व अपिलात डिसेंबरमध्ये, त्याच्या निर्दोषत्वाने संपला. स्वतः रीतसर विकत घेतलेल्या तबकडीतील मजकुरापर्यंत पोहोचणे हा अपराध ठरत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होता. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, खेळयंत्रांविषयीच्या स्टीव्हन्स विरुद्ध सोनी या खटल्यात, अशा कुलपाला लेखाधिकाराच्या संरक्षक साधनाचा दर्जा नाकारला. पुढे २००६ च्या तेथील व २००८ च्या न्यूझीलंडमधील दुरुस्तीने केवळ भौगोलिक बाजारविभागणी करणारे कुलूप कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढले. भारताच्या २०१२ च्या दुरुस्तीनेही कुलूप मोडणे तेव्हाच दंडनीय मानले, जेव्हा त्यामागे लेखाधिकाराचे उल्लंघन करण्याचा हेतू असेल.

वेलिंग्टनचा वा नागपूरचा नागरिक यानंतर विभागबंधन मोडण्यास बऱ्याच अंशी मोकळा झाला. परंतु त्याच्या लॅपटॉपातील आकडा या कायद्यांमुळे एकानेही वाढला नाही. कायद्याने निषेध उठविला. निर्मात्याने मोजणी काढून टाकावी अशी सक्ती कोठेही झाली नाही, आणि मूळ परवाना-करार जसाच्या तसा राहिला. सार्वजनिक कायदा आणि खाजगी करार यांत विरोध आला असता यंत्र कोणाचे ऐकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण तंत्रज्ञानाच्या इतिहासात विरळा.

बंधन सैल झाले ते बाजाराच्या ओघाने. २००६ साली आलेल्या ब्ल्यू-रे तबकडीचे विभाग तीनच होते, व त्यांची तपासणी पुन्हा आज्ञावलीकडे आली, ड्राइव्हकडे नव्हे. २०१६ च्या अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेत विभागच उरले नाहीत. दरम्यान लॅपटॉपातून ड्राइव्हच नाहीसा होऊ लागला होता : २००८ चा मॅकबुक एअर त्याविना आला, पाठोपाठ इतरांनी तीच वाट धरली. चित्रपट जाळ्यावरून येऊ लागले, आणि देशादेशांतील भिंत आता ग्राहकाच्या जाळे-पत्त्यावरून ओळखली जाऊ लागली. युरोपीय संघाने एप्रिल २०१८ पासून आपल्या सदस्य-देशांत तात्पुरता प्रवास करणाऱ्याला स्वदेशी घेतलेली सशुल्क चित्रसेवा परमुलखातही मिळाली पाहिजे असा नियम लागू केला. प्रवासी म्हणून ग्राहकाचा एवढा स्पष्ट विचार डीव्हीडीच्या करारांत कधी झाला नव्हता.

जुन्या तबकड्या मात्र ग्रंथालयांच्या व चित्रपट-अभ्यास विभागांच्या कपाटांत आहेत, आणि त्यांतील कित्येक चित्रपट अन्य रूपाने उपलब्ध नाहीत. त्या पाहण्यासाठी लॅपटॉपला बाहेरून जोडावयाचे ड्राइव्ह अल्प किमतीत मिळतात. त्यांच्या फर्मवेअरमध्येही पाच बदलांची तीच मोजणी आहे.