सुईपासून चुंबकापर्यंत

परभणी जिल्ह्यातल्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं, की तपासणीत पाठही पाहायची असते. कमरेवर केसांचा झुपका, खोल खळगा किंवा मऊ गाठ असेल, तर आत मज्जारज्जू अडकलेला असू शकतो. हा कार्यक्रम २०१३ साली पालघरला सुरू झाला. आतला रज्जू पाहण्याची धडपड त्याहून बरीच जुनी आहे.

१८९१ मध्ये जर्मनीत हाइन्रिख क्विंके यांनी लहान मुलांच्या कमरेत सुई घालून मज्जाद्रव काढला. १८९५ मध्ये क्ष-किरण आले, पण त्यांत मणके दिसत, रज्जू नाही. मग १९१९ च्या सुमारास वॉल्टर डँडी यांनी सुईवाटे कण्यात हवा सोडली आणि काही वर्षांतच पॅरिसमध्ये सिकार व फोरेस्टिए यांनी आयोडीनयुक्त तेल. टेबल तिरकं केलं की तेल सरके. जिथे अडे, तिथे दोष. आत राहिलेल्या तेलाने कधी कधी आवरणांना दाह होई.

ही सुई टळली ती चुंबकामुळे. शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकणांना चुंबकात रेडिओलहरींनी हलवलं, की ते संकेत देतात. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी या संकेतांतून चित्र काढलं, पीटर मॅन्सफिल्ड यांनी त्याला वेग दिला. २००३ चं नोबेल दोघांना मिळालं.

आज मुलाच्या या चुंबकीय तपासणीची, म्हणजे एमआरआयची, फिल्म लाइटबॉक्सवर लावली, की ‘टी-वन’ चित्रात चरबी पांढरी, ‘टी-टू’मध्ये मज्जाद्रव पांढरा दिसतो. रज्जूचं टोक कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी हवं. ते चौथ्यापर्यंत उतरलेलं आणि चरबीच्या गाठीला चिकटलेलं असेल, तर मूल वाढताना रज्जू ताणला जातो: पाय लुळा पडतो, लघवीवरचा ताबा जातो. चरबी दाबणाऱ्या चित्रात गाठ काळी पडली, की ती चरबीचीच, हे पक्कं होतं.

मूल हललं, की चित्र पुसट. म्हणून तान्ह्याला दूध पाजून, गुंडाळून झोपेतच तपासतात. त्याहून मोठ्या मुलांना अनेकदा गुंगीचं औषध लागतं. अगदी लहान बाळात मणक्यांची हाडं पुरती घट्ट झालेली नसतात, त्यामुळे आधी सोनोग्राफीनेही बरंच कळतं.

सुईची जागा चुंबकाने घेतली, पण त्या चुंबकापर्यंत मुलाला कोणी तरी पाठवावं लागतं. आईने अंघोळीच्या वेळी कमरेवर खूण पाहिली, तर पाय लुळा पडायची वाट न पाहता ती पथकाला दाखवावी. ताणलेला रज्जू शस्त्रक्रियेने मोकळा करता येतो. गेलेली ताकद मात्र दरवेळी परत येत नाही.