पुरुषांचे हृदय : चाळिशीपूर्वीची सावधगिरी आणि बेंगळुरूचा अनुभव

बेंगळुरू : कन्नड चित्रपटसृष्टीतील लोकप्रिय अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी बेंगळुरू येथे हृदय बंद पडून निधन झाले. त्यांचे वय अवघे ४६ वर्षे होते. नियमित व्यायाम करणारा, सुदृढ दिसणारा कलावंत असा अकाली गेल्याने समाजमन हादरले. पुढील काही दिवस शहरातील हृदयरोग रुग्णालयांत तपासणीसाठी तरुण आणि मध्यमवयीन पुरुषांची रीघ लागली होती. ती गर्दी कालांतराने ओसरली. मात्र पुरुषांना हृदयविकार लवकर का गाठतो आणि तो कितपत टाळता येतो, हा प्रश्न कायम आहे. या प्रश्नाची बरीच उत्तरे बेंगळुरूत गेल्या तीन दशकांत झालेल्या संशोधनातून मिळतात.

झटका लवकर येतो

'इंटरहार्ट' या ५२ देशांतील अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा लठ्ठपणा, मानसिक ताण, फळे व भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाच्या सवयी अशा नऊ घटकांशी पुरुषांमधील पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका निगडित असल्याचे त्यात आढळले. यातील दक्षिण आशियाच्या माहितीचे विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी हे त्याचे प्रथम लेखक असून बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. प्रेम पैस यांचाही त्यात सहभाग होता. दक्षिण आशियात पहिल्या झटक्याचे मध्यक वय ५३ वर्षे, तर इतर देशांत ते सुमारे ५९ वर्षे असल्याचे दिसून आले. या फरकामागे एखादे गूढ कारण नव्हते. हेच घटक येथे कमी वयात आढळतात, तर रोजची फळे-भाजी आणि व्यायाम यांसारख्या संरक्षक सवयी कमी आहेत, असे या विश्लेषणातून स्पष्ट झाले.

बेंगळुरूच्या जयदेव हृदयविज्ञान संस्थेने ४० वर्षांखालील हृदयरुग्णांची स्वतंत्र नोंदणी हाती घेतली असून त्यात बहुसंख्य रुग्ण पुरुष आहेत. घरातील कमावता माणूस ऐन उमेदीत अंथरुणाला खिळला किंवा दगावला, तर त्याचा फटका संपूर्ण कुटुंबाला बसतो. म्हणूनच या विकाराचा विचार पन्नाशीपर्यंत लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.

विडी, साखर आणि पोटाचा घेर

पहिला झटका आलेले २०० रुग्ण आणि त्याच वयोगटातील, हा विकार नसलेल्या २०० व्यक्ती यांची तुलना करणारा बेंगळुरूतील अभ्यास १९९६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी वा विड्या ओढणे हा सर्वांत मोठा धोका ठरला. उपाशीपोटी रक्तातील साखर जसजशी वाढते, तसतसा धोकाही वाढतो. मधुमेहाचे निदान होण्याची वाट तो पाहत नाही, हेही दिसून आले. पोट किंचित सुटले असतानाही धोका वाढलेला होता.

भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा, असा वैद्यकीय संकेत आहे. हातपाय सडपातळ असलेल्या माणसाचेही पोट सुटलेले असू शकते. त्यामुळे वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेपही उपयोगी ठरते.

तंबाखू सोडण्याचा लाभ कोणत्याही वयात होतो. धूम्रपान बंद केल्यानंतर वर्षभरात त्यामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. व्यसनमुक्तीसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध असून बेंगळुरूची निमहान्स संस्था तिच्या केंद्रांपैकी एक आहे.

ताटातील पालेभाजी

आहाराविषयीचा महत्त्वाचा अभ्यास दिल्ली आणि बेंगळुरू येथील आठ रुग्णालयांत झाला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. झटका आलेले ३५० रुग्ण आणि ७०० इतर व्यक्ती यांच्या आहाराची त्यात तुलना करण्यात आली. आठवड्यातून साधारण तीन-चार वेळा पालेभाजी खाणाऱ्यांमध्ये, ती क्वचितच खाणाऱ्यांच्या तुलनेत, धोका सुमारे दोन-तृतीयांशाने कमी आढळला. अशा अभ्यासातून केवळ संबंध दिसतो. एकट्या भाजीमुळे झटका टळतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या पदार्थाच्या बाजूने हा पुरावा बोलका आहे.

कर्नाटकातील रागीचे मुद्दे आणि पालेभाजीचे सारू, तसेच महाराष्ट्रातील नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, मेथी, चाकवत, अंबाडी आणि उसळ हे पारंपरिक जेवण तंतुमय पदार्थांनी समृद्ध आहे. शहरी धावपळीत त्याची जागा पांढरा तांदूळ, मैदा, तळलेले पदार्थ आणि गोड चहा यांनी घेतली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांनी व्यापलेला असावा. दिवसभरातील मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, अधिक नसावे. लोणचे, पापड, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ यांतून नकळत पोटात जाणारे मीठही या हिशेबात धरावे लागते. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरणे टाळावे.

तपासणी आणि वेळेचे मोल

उच्च रक्तदाब आणि वाढलेली साखर ही बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाहीत. राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तीस वर्षांवरील सर्वांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत या दोन्ही तपासण्यांची सोय आहे. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा उपाशीपोटीची साखर १२६ किंवा अधिक आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांपूर्वी हृदयविकार झाला असल्यास तपासणी आणखी लवकर सुरू करावी. व्यायामाने धोका कमी होतो, हे 'इंटरहार्ट'मध्ये स्पष्ट झाले आहे. त्यामुळे एखाद्या घटनेने घाबरून तो सोडणे चुकीचे ठरेल. मात्र अनेक वर्षांच्या खंडानंतर एकदम जोरकस व्यायाम सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घेणे इष्ट असते.

झटका आलाच, तर वेळ निर्णायक ठरते. सेंट जॉन्स संस्थेच्या पुढाकाराने देशातील ५० शहरांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती संकलित करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत रुग्णांचे सुमारे सहा तास गेले होते. रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारे औषध मिळेपर्यंत मात्र आणखी केवळ ५० मिनिटे लागली. म्हणजेच सर्वाधिक वेळ घरी आणि वाटेत वाया जातो. छातीवर दडपण, डावा हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारी वेदना, दरदरून घाम आणि धाप या लक्षणांना 'ॲसिडिटी' समजून घरगुती उपाय करत बसू नये. स्वतः वाहन न चालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि ईसीजीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे.

कर्नाटक सरकारने पुनीत राजकुमार यांच्या नावाने 'हृदय ज्योती' योजना सुरू केली. तालुका रुग्णालयात ईसीजी काढून मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांचे मत घ्यायचे आणि आवश्यकता असल्यास गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन मोफत द्यायचे, असे तिचे स्वरूप आहे. रुग्ण वेळेत पोहोचला, तरच या सुविधेचा उपयोग होतो. त्याआधीची काळजी मात्र प्रत्येक पुरुषाच्या हाती आहे : तंबाखूला नकार, ताटात पालेभाजी, रोजचे चालणे आणि तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर व कमरेचा घेर यांची नोंद.