येळवस : एका सीमावर्ती सणाच्या नावाचा विचार

चाकूर, अहमदपूर, उदगीर या परिसराचा सांस्कृतिक इतिहास लिहिताना राजकीय सीमांचा आधार अपुरा पडतो. हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्यातून तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. लातूर जिल्हा १९८२ मध्ये निर्माण झाला. सीमा भाषेच्या तत्त्वावर आखली गेली, पण मार्गशीर्ष अमावास्येचा सण तिच्या दोन्ही बाजूंस राहिला.

या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवार भरते. ज्वारीच्या रानात कडब्याची कोप उभारून तीत पाच पांडव मांडतात व लक्ष्मीची पूजा करतात. आंबील पिकावर शिंपडतात. ओला हरभरा, तूर, वाटाणा व पालेभाज्या घातलेली भज्जी आणि बाजरीचे उंडे असे वनभोजन होते.

सणाचे नाव लोकभाषेत ‘येळवस’, लेखी व्यवहारात ‘वेळ अमावास्या’. बोलीत ‘वेडा’चे ‘येडा’ होते, त्या न्यायाने ‘वेळ’ हे मूळ मानता येईल. पण याच अमावास्येला ‘वेळ’ का म्हणावे, याचा उलगडा त्याने होत नाही. उलट कन्नडमध्ये हीच तिथी ‘एळ्ळु अमावास्ये’, म्हणजे तिळाची अमावास्या होय. आद्य ‘ए’चा उच्चार दोन्ही भाषांत ‘ये’कडे झुकतो. शिवाय हे नाव मुख्यतः कर्नाटकालगतच्या पट्ट्यातच आढळते. तेव्हा ‘येळ’ हे ‘एळ्ळु’चे रूप व ‘वेळ’ ही शिष्टांनी केलेली दुरुस्ती, असे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते.

यावरून सण उसना ठरत नाही. ‘उंडे’ हा शब्द कन्नडमध्ये आहे, तसाच ‘उंडा’ मराठीत सर्वत्र आहे. ‘आंबील’ व ‘अंबली’ यांचेही तसेच. एकेका शब्दावरून उगम ठरविणे धोक्याचे असते. दोन्ही भाषिकांना बांधणारे सूत्र काळ्या जमिनीतील रब्बी ज्वारीचे आहे.

आज तेच सूत्र विरत आहे. सोयाबीनचा विस्तार झाला, ज्वारीचे क्षेत्र घटले, कोपीचा कडबाही दुर्मिळ होऊ लागला. पीक गेले की त्याची परिभाषा एका पिढीत जाते. म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंस, गाववार शब्दसंग्रह करणे हे अभ्यासकांचे निकडीचे कर्तव्य आहे.