आठ दिवस, सत्त्याहत्तर मिनिटं

सोमवार, १६ मे २०२२

उवाल्डे हे टेक्सासमधलं पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव. सॅन अँटोनिओच्या पश्चिमेला, मेक्सिकोच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गावातल्या एका मुलाला आज अठरा वर्षं पूर्ण झाली. त्याचं नाव या लेखात येणार नाही.

अठरा पूर्ण झाली की टेक्सासमध्ये दुकानातून रायफल विकत घेता येते. दुकानातून पिस्तूल घ्यायला एकवीस लागतात. बियरची बाटली घ्यायलाही एकवीसच.

या तारखेची तो वाट पाहत होता. सतरा वर्षांचा असताना त्याने निदान दोघांना विचारलं होतं, मला बंदूक घेऊन देता का? दोघांनीही नाही म्हटलं. पण खांद्याचा पट्टा, रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण, चिलखताच्या पत्र्यांचं जाकीट या वस्तूंना वयाची अट नसते. त्या फेब्रुवारीपासून मागवून ठेवल्या होत्या. तीस-तीस गोळ्यांची साठ मॅगझिन्सही त्याने जमवली.

२०१८ पासून तो दर वर्षी शंभरावर दिवस शाळेत गैरहजर होता. ऑक्टोबर २०२१मध्ये शाळेने त्याचं नाव पटावरून काढलं. ऑनलाइन ओळखीची मुलं त्याला ‘शाळेत गोळीबार करणारा’ म्हणूनच हाक मारायची. पोलिसांना कोणीही कळवलं नाही.

आज, वाढदिवशी, त्याने १,७४० गोळ्या ऑनलाइन मागवल्या.

मंगळवार, १७ मे

गावातल्या बंदुकीच्या दुकानातून त्याने पहिली रायफल घेतली. सुमारे १,०८१ डॉलर. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि ३७५ गोळ्या घेऊन गेला.

शुक्रवार, २० मे

दुसरी रायफल ऑनलाइन मागवलेली होती. ती दुकानात आली आणि तो घ्यायला आला. किंमत २,०५४ डॉलर. नियमाप्रमाणे त्याची माहिती तपासली गेली. गुन्ह्याची नोंद नाही, मनोरुग्ण ठरवल्याचा कोर्टाचा आदेश नाही. रायफल त्याच्या हातात दिली गेली.

त्या दिवसांत दुकानात आलेल्या काही गिऱ्हाइकांनी नंतर तपास अधिकाऱ्यांना सांगितलं की हा मुलगा घाबराघुबरा, विचित्र वाटत होता. शाळेत गोळीबार करणारे असतात तसा दिसत होता. हे त्यांच्या मनात आलं आणि मनातच राहिलं. सांगणार कोणाला? खरेदी कायदेशीर होती.

मला वाटतं, या घटनाक्रमातलं सगळ्यात मोठं घड्याळ या खरेदीचंच आहे. पोलिसांच्या हलगर्जीबद्दल पुढे बरंच येईल, आणि ते यायलाच हवं. पण इथपर्यंतच्या एकाही खरेदीत कायदा मोडला गेलेला नाही. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मागताना जिल्हाधिकाऱ्यापुढे किंवा पोलीस आयुक्तापुढे गरज मांडावी लागते. तो द्यायचा की नाही, हे सरकार ठरवतं. अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेला हक्क मानला जातो. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा हक्क ठरवला. हक्क वापरणाऱ्याला ‘कशाला हवी?’ असं विचारायचं नसतं.

दुकानदाराने विचारलं नाही. त्याला कायद्याने सांगितलंही नव्हतं.

मंगळवार, २४ मे, सकाळ

गुरुवारी शाळा संपणार, मग उन्हाळ्याची सुट्टी. उवाल्डेच्या रॉब प्राथमिक शाळेत बक्षीस समारंभ होता. आई-बाप आले, प्रशस्तिपत्रकं हातात धरून फोटो निघाले. समारंभानंतर काहींनी मुलांना तसंच घरी नेलं. काही म्हणाले, राहू दे, दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे. दहा वर्षांच्या मुलाबाबत घरात रोज होतात तसले हे निर्णय.

चौथीचे दोन वर्ग, खोली १११ आणि ११२, आतून दाराने जोडलेले होते. ११२मध्ये मुलांना सिनेमा लावून दिला होता.

१११च्या दाराचं कुलूप नीट बसत नव्हतं. शाळेत बऱ्याच जणांना ते माहीत होतं. दुरुस्तीचा लेखी अर्ज मात्र कोणी केला नव्हता. दारं कायम कुलूपबंद ठेवावीत असा शाळेचा नियम होता. किल्ल्या पुरेशा नव्हत्या, म्हणून दाराला दगड, पाचर किंवा लोहचुंबक लावून काम भागवण्याची सवय पडली होती.

११:२१

मुलाने आजीच्या चेहऱ्यावर गोळी झाडली. आजी ६६ वर्षांची. ती तशाच अवस्थेत शेजाऱ्यांकडे गेली आणि जगली. नातवाने जर्मनीतल्या एका मुलीला संदेश पाठवला की आजीला गोळी घातली, आता शाळेत जातो आहे. मग आजीचा पिकअप ट्रक घेऊन तो निघाला.

११:२८

ट्रक शाळेजवळच्या चरात गेला. समोर अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेची इमारत. तिथले दोघे जण अपघात झाला समजून मदतीला धावले. त्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. नेम चुकला, दोघे वाचले.

११:२९

९११ या आपत्कालीन क्रमांकावर पहिला फोन गेला: अपघात झालाय, माणसाच्या हातात बंदूक आहे.

११:३२

मुख्याध्यापिकेने मोबाइलवरच्या ॲपवरून धोक्याची सूचना पाठवायचा प्रयत्न केला. वायफाय धड नव्हतं. भोंग्यावरून सूचना गेली नाही. काही शिक्षकांना संदेश मिळाला, काहींना नाही, आणि मिळालेल्यांतल्या काहींना तो नेहमीचाच वाटला.

नेहमीचाच वाटण्याला कारण होतं. स्थलांतरितांना घेऊन पळणाऱ्या गाड्यांचा पोलीस पाठलाग करतात, गाडी कुठेतरी आदळते, आतले लोक पांगतात. गावात याला ‘बेलआउट’ म्हणतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत इथल्या शाळांमध्ये अशा धोक्याच्या सूचना जवळजवळ पन्नास वेळा आल्या होत्या. लांडगा आला रे आला इतक्यांदा झालं की कानांना सवय होते. त्यात शिक्षकांचा काय दोष?

११:३३

पश्चिमेचं दार एका शिक्षिकेने ओढून लावून घेतलं होतं. दार लागलं, पण कुलूप पडलं नाही. ते पडलं नाही हे बाहेरून ओढून पाहिल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं.

तो त्याच दाराने आत आला. चौथीत तो याच शाळेत शिकला होता.

पॅसेजमधल्या कॅमेऱ्यात एक लहान मुलगा स्वच्छतागृहातून निघून कोपऱ्यावर आलेला दिसतो. रायफल घेतलेला माणूस त्याला पाठमोरा दिसतो. गोळ्यांचा आवाज येतो आणि मुलगा वळून परत स्वच्छतागृहाकडे पळतो. तो वाचला.

पुढच्या तीनेक मिनिटांत १११ आणि ११२ मध्ये शंभराहून जास्त गोळ्या झाडल्या गेल्या. हा कॅमेऱ्यातला भाग ऑस्टिनच्या एका वृत्तपत्राने जुलैमध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा मुलांच्या किंकाळ्या काढून टाकल्या होत्या. काढल्या आहेत एवढं पडद्यावर लिहिलं होतं.

११:३५

पहिले पोलीस आत पोहोचले. ते वेळेत आले होते. काहींकडे रायफली होत्या, अंगावर चिलखतं होती.

कोलोरॅडोमधल्या कोलंबाइन शाळेत १९९९मध्ये पोलीस बाहेर थांबले होते. तेव्हापासून साऱ्या अमेरिकेत शिकवलं जातं की थांबायचं नाही, मिळतील तेवढे जण मिळून थेट हल्लेखोराकडे जायचं. २०२२च्या मार्च महिन्यात उवाल्डेच्या शाळांच्या पोलिसांनी हेच प्रशिक्षण गावात भरवलं होतं.

११:३७

पोलीस दाराजवळ गेले. आतून भिंतीपार गोळ्या आल्या. दोघांना ओरखडे आले. सगळे मागे सरकले.

शाळांच्या पोलिसांचे प्रमुख पीट अरेडोंडो यांनी रेडिओ बाहेर ठेवले होते. त्यांनी मोबाइलवरून जादा कुमक मागवली. आत कोंडून बसलेला माणूस असं प्रकरण समजून पुढचे निर्णय होऊ लागले. कोंडून बसलेल्या माणसाला वेळ देतात, त्याच्याशी बोलतात, दाराची किल्ली शोधतात.

किल्ल्यांचा शोध सुरू झाला. १११चं दार मुळात कुलूपबंद नसण्याचीच शक्यता जास्त होती. मूठ फिरवून पाहिल्याची नोंद नाही.

११:५२

पहिली बुलेटप्रूफ ढाल आली.

बारा वाजण्याच्या आत पॅसेजमध्ये एक पोलीस आला आणि सहकाऱ्यांना म्हणाला, ती सांगते आहे की तिला गोळी लागली आहे. त्याची बायको ११२मध्ये शिक्षिका होती आणि तिने आतून त्याला फोन केला होता. त्याला पुढे जाऊ दिलं नाही. त्याची बंदूक काढून घेऊन त्याला बाहेर नेलं.

म्हणजे बाराच्या आत पॅसेजमधल्या पोलिसांना एवढं कळलेलं होतं: वर्गात माणसं आहेत, आणि निदान एक जण जखमी होऊन जिवंत आहे.

१२:०३

११२मधून एका मुलीने ९११ला फोन केला. आवाज दबका होता. पॅसेजमध्ये त्या क्षणी एकोणीस पोलीस उभे होते.

१२:१०ला तिने परत फोन केला: बरेच जण मेले आहेत. १२:१६ला: आठ-नऊ मुलं जिवंत आहेत.

त्याच वर्गातल्या एका मुलीने मैत्रिणीचं रक्त आपल्या अंगाला माखून घेतलं आणि ती निपचित पडून राहिली. अकरा वर्षांची होती. शिक्षिकेच्या फोनवरून तिनेही मदत मागितली. दोन आठवड्यांनी तिने हे अमेरिकी काँग्रेससमोर ध्वनिचित्रफितीतून सांगितलं.

बाहेर कुंपणापाशी आई-बाप जमले होते. आत जा, नाहीतर आम्हाला जाऊ द्या, असं ते पोलिसांना सांगत होते. काहींना धरून ठेवलं, काहींना जमिनीवर पाडलं.

१२:२१

आत पुन्हा चार गोळ्या सुटल्या. पॅसेजमधले पोलीस काही पावलं पुढे गेले. थांबले.

यानंतर एकोणतीस मिनिटं गेली.

या एकोणतीस मिनिटांत कॅमेऱ्यात एक पोलीस भिंतीवरच्या डब्यातून सॅनिटायझर घेऊन हात चोळताना दिसतो. त्याच्यावर पुढे फार टीका झाली. माणूस ताणात सवयीचं काहीतरी करतो, एवढंच असेल. पण दार त्याच्यापासून थोड्याच पावलांवर होतं.

१२:४७

मुलीचा फोन: आता तरी पोलिसांना पाठवा.

१२:५०

सीमा गस्ती दलाच्या विशेष तुकडीने सफाई कर्मचाऱ्याकडच्या किल्ल्यांनी दार उघडलं आणि हल्लेखोराला ठार केलं. तो आत शिरल्याला सत्त्याहत्तर मिनिटं झाली होती.

दुपार आणि रात्र

एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका. त्यांतल्या दोन मुलांची आणि एका शिक्षिकेची नाडी बाहेर आणलं तेव्हा चालू होती.

शाळेत जमलेल्या सशस्त्र अधिकाऱ्यांचा आकडा टेक्सास विधानसभेच्या समितीने पुढे मोजला: ३७६. त्यांत सीमा गस्ती दलाचे १४९ आणि राज्य पोलिसांचे ९१ होते. राज्य पोलिसांच्या प्रमुखांनी साक्षीत सांगितलं की तीन मिनिटांतच हल्लेखोराला रोखण्यापुरते चिलखतधारी पोलीस तिथे होते.

अमेरिकेत बंदूक हक्काच्या बाजूने सर्वाधिक वेळा ऐकू येणारा युक्तिवाद असा की बंदूकवाल्या वाईट माणसाला बंदूकवाला चांगला माणूसच थांबवू शकतो. कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत २०१२मध्ये वीस लहान मुलं मारली गेली, तेव्हा आठवड्याभरात नॅशनल रायफल असोसिएशनने हाच मुद्दा देशापुढे मांडला होता. उवाल्डेच्या पॅसेजमध्ये बंदूकवाल्या चांगल्या माणसांची कमतरता नव्हती. ती माणसं दारापलीकडच्या रायफलीला घाबरली होती. आपल्या सहकाऱ्यांना ती तसं सांगतानाही ध्वनिमुद्रणात ऐकू येतात. जी रायफल प्रशिक्षित, चिलखत घातलेल्या पोलिसांना मागे रेटते, ती अठराव्या वाढदिवसानंतर चार दिवसांत रीतसर मिळाली होती. मी या प्रकरणात परतपरत येऊन अडकतो तो इथेच.

संध्याकाळी गावाच्या सिव्हिक सेंटरमध्ये पालक थांबून होते. ओळख पटवण्यासाठी त्यांच्याकडून डीएनएचे नमुने घेतले गेले. या रायफलीची गोळी सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास वेगाने जाते. लहान शरीराचं ती काय करते, हे गावातल्या बालरोगतज्ज्ञांनी, डॉ. रॉय ग्वेरेरो यांनी, नंतर काँग्रेससमोर सांगितलं. एका मुलीची ओळख तिच्या हिरव्या कॅनव्हासच्या बुटांवरून पटली. उजव्या बुटाच्या टोकावर तिने स्वतः पेनाने बदाम काढला होता.

शुक्रवार, २७ मे

ह्यूस्टनमध्ये नॅशनल रायफल असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन ठरल्याप्रमाणे सुरू झालं.

२५ जून

राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी नव्या कायद्यावर सही केली. एकवीसच्या आतल्या खरेदीदाराच्या लहानपणीच्या नोंदीही आता तपासल्या जातात. खरेदीचं वय तेच राहिलं.

एप्रिल २०२३

रायफलीसाठी वयाची अट अठरावरून एकवीस करा, हे विधेयक टेक्सास विधानसभेच्या समितीपुढे आलं. उवाल्डेचे पालक राजधानी ऑस्टिनला आले. सकाळपासून थांबले. रात्री उशिरा त्यांना बोलायला मिळालं.

शनिवार, ६ मे २०२३

डॅलसजवळच्या ॲलन गावी एका मॉलमध्ये गोळीबार झाला. आठ जण मेले, त्यांत तेलंगणातून आलेली एक तरुण इंजिनिअर. डॅलसच्या या उत्तर भागात मराठी घरंही पुष्कळ आहेत. त्या शनिवारी अनेक घरांतून पुण्या-नाशिकला फोन गेले: आम्ही ठीक आहोत.

सोमवार, ८ मे २०२३

समितीने वयाचं विधेयक आठ विरुद्ध पाच मतांनी मंजूर केलं. दोन रिपब्लिकन आमदारांनीही बाजूने मत दिलं. उवाल्डेच्या आया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

विधेयक सभागृहात यायचं तर ते ठरलेल्या मुदतीत कामकाजाच्या यादीत लागावं लागतं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, रात्री मुदत संपली. यादीत ते नव्हतं.