वाटाण्याचा अंकुर आणि कंपनीची खतावणी

आम्हां भुसावळकरांच्या कानांत ‘कंपनी’ हा शब्द दोन रूपांनी बसलेला आहे. एक रेल्वेची कंपनी. ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ असले लांबलचक नाव उच्चारण्याच्या भरीस कोण पडतो? ‘जी. आय. पी.’ एवढ्यावर काम भागे. १९२५ साली तिचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला आणि १९५१ साली तिची मध्य रेल्वे झाली. दुसरी नाटक कंपनी. पडद्यांच्या वळकट्या, पोशाखांच्या पेट्या, आचारी आणि नट यांच्यासह आगगाडीतून गावोगाव उतरणारी. पहिल्या कंपनीत हिशेब होता, पण कला नव्हती. दुसरीत कला होती, पण हिशेबाची पुष्कळदा पंचाईतच असे. आज आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहो ती एका तिसऱ्या कंपनीची हकीकत. ती याच लोहमार्गावर, येथून थोड्या तासांच्या अंतरावरील नाशकात वाढली. आणि कला व हिशेब या दोघांना एका छपराखाली नांदविण्याचा प्रयत्न तिने केला. तो सफळ झाला की फसला, हे वाचकांनीच ठरवावे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यास फोटोग्राफी, पुराणवस्तु-संशोधन खात्यात नोकरी, पुढे छापखाना आणि रंगीत छपाई शिकण्याकरिता जर्मनीचा प्रवास, अशी त्यांच्या पूर्वायुष्याची वाट आहे. मध्येच त्यांनी जादूचे प्रयोगही केले, आणि तेही ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. हे नाव वाचकांनी उलट्या बाजूने वाचून पाहावे! भागीदारांशी न पटल्यामुळे छापखाना सुटला. १९११ साली गिरगावात त्यांनी ख्रिस्तचरित्राचे चलच्चित्र पाहिले आणि पुढील सर्व आयुष्याला तेथून वळण लागले. हा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे त्याचा विस्तार आम्ही करीत नाही. १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस गेले, सेसिल हेपवर्थ यांचा कारखाना पाहिला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला, आणि १ एप्रिलला परत येऊन ‘फाळके फिल्म्स कंपनी’ स्थापन केली. भांडवल म्हणजे काय, तर विम्याच्या पॉलिसींवर काढलेले कर्ज.

आता कर्ज देणाऱ्याला काहीतरी दाखवावे लागते. फाळक्यांजवळ नट नव्हते, पडदे नव्हते, जागाही राहत्या घराचीच. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा रोवला. अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत महिनाभर त्याची चित्रे घेतली. ‘अंकुराची वाढ’ ही ती सुमारे मिनिटभराची पट्टी. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बी फुगले, फुटले आणि वेल झाली. आणि सावकारांच्या थैलीचे तोंड सैल झाले.

ही गोष्ट सांगताना ‘रोज एक चित्र’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण थोडे गणित केले तर हे जमत नाही. त्या काळच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसत आणि सेकंदाला सुमारे फूटभर पट्टी पडद्यावरून सरके. रोज एकच चित्र घेतले असते, तर महिन्याची तपश्चर्या दोन सेकंदांत संपून गेली असती. मिनिटभराच्या खेळाला साडेनऊशेवर चित्रे हवीत. म्हणजे दिवसाला बत्तीस, म्हणजे रात्रंदिवस दर पाऊण तासाला एक! यंत्राचा दट्ट्या आपोआप पडण्याची सोय घरात नसेल, तर कोणीतरी दिवे लावून जागत बसलेच पाहिजे. आमचे गणित थोडेफार चुकलेही असेल. परंतु ज्या घरात हा उद्योग महिनाभर चालला, त्या घराच्या झोपेचे काय झाले असेल याची कल्पना त्यावरून येते.

हल्ली ज्याला सर्रास ॲनिमेशन म्हणतात, त्या विद्येचे बीज हेच होय. भुसावळच्या फलाटावर उभे असता मधल्या रुळांवरून भरधाव मालगाडी गेली, तर डब्यांमधल्या फटींतून पलीकडच्या फलाटावरचा माणूस तुकड्यातुकड्यांनी दिसतो, आणि ते तुकडे डोळा आपले आपण सांधून घेतो. डोळ्याच्या या भाबडेपणावर सारा चित्रपट उभा आहे. साधा चित्रपट काढणारा, घडत असलेली हालचाल टिपतो. ॲनिमेशन करणाऱ्यापुढे हालचाल मुळी नसतेच. एक स्थिर चित्र, मग किंचित फरक, मग दुसरे स्थिर चित्र, अशी ती त्याला दाणा दाणा जमवावी लागते. चिकाटी हेच त्याचे भांडवल, आणि हे भांडवल कोणत्याही पेढीवर उसने मिळत नाही.

फाळक्यांच्या घरी ते दोघांच्या नावे जमा होते. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने गहाण टाकण्यास दिले, हे सर्वश्रुत आहे. पण आम्हांस त्याहून मोठे वाटते ते त्यांचे रात्रीचे काम. त्या वेळी विलायतेहून येणारी कच्ची फिल्म छिद्रांवाचून येई. अंधाऱ्या खोलीत बसून तिच्या कडांना छिद्रे पाडणे, मग ती धुणे, हे त्या करीत. आणि दिवसा सर्व मंडळींचा स्वयंपाक. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला तेव्हा त्याची लांबी ३,७०० फूट होती. म्हणजे सुमारे एकोणसाठ हजार चित्रे! जाहिरातींत त्या माउलीचे नाव नव्हते. पुढे जेव्हा खतावण्या आल्या, तेव्हा तीतही या श्रमाचे खाते उघडले गेले नसावे, असे आम्ही धरून चालतो.

त्याच वर्षी कंपनीचे बिऱ्हाड नाशकास हलले. ‘मोहिनी भस्मासुर’ व ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट निघाले. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा विलायतेस गेले, आणि तिकडे काम करण्याचे बोलणे आले असता ते न स्वीकारता परतले. इतक्यात महायुद्ध पेटले. सावकारांनी हात आखडले आणि मोठा चित्रपट काढणे अशक्य झाले. या ओढगस्तीतच १९१५ सालची ‘आगकाड्यांची मौज’ जन्मास आली. फ्रान्सात एमिल कोल या व्यंगचित्रकाराने १९०८ साली आगकाड्यांना नाचविले होते. तीच विद्या नाशकास उतरली. नटाला पगार द्यावा लागतो, आगकाडीला लागत नाही. हिंदुस्थानातील पहिल्या ॲनिमेशनपैकी एक हे गरिबीचे अपत्य आहे, हे विसरून चालणार नाही. पुढल्याच वर्षी प्रोफेसर केळफाही पडद्यावर जादू दाखविण्यास हजर झाले.

१९१७ साली ‘लंकादहन’ आला आणि दैव फिरले. त्यात अण्णा साळुंके राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत होते. तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. आता धनिक आपण होऊन दाराशी आले. १९१८ च्या आरंभी पाच भांडवलदार भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ नाशकात उभी राहिली. त्या भागीदारांत वामन श्रीधर आपटे हे एक. ‘श्रीकृष्णजन्म’ व ‘कालियामर्दन’ यांनी पैशाचा पाऊस पाडला. दुसऱ्या चित्रपटातील बाळकृष्ण म्हणजे दादासाहेबांची चिमुकली कन्या मंदाकिनी. कुंडीतल्या वाटाण्यापासून सहा वर्षांत येथवर मजल! येथेच लेख संपविता आला असता, तर आम्हांसही बरे वाटले असते.

परंतु वर्ष-दीड वर्षातच भागीदारांचे आणि फाळक्यांचे बिनसले. खर्च किती, वेळ किती, यांवर वाद होते. भागीदारांना खलपुरुष ठरविण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस पसंत नाही. पैसा घालणाऱ्याने हिशेब मागणे हा काही गुन्हा नव्हे. फाळकेही सोपे गृहस्थ नव्हते. छापखान्याचे भागीदार यापूर्वीच दुरावले होते. पण जो मनुष्य मिनिटभराच्या चित्राकरिता महिनाभर कुंडीसमोर बसतो, त्याच्या वेळेची किंमत कोणत्या रकान्यात मांडावयाची, हे त्या खतावणीला ठाऊक नव्हते, आणि ते समजावून सांगणारा मधला माणूसही कोणी नव्हता. १९१९ साली कंपनी सोडून ते काशीस गेले. तेथे ‘रंगभूमि’ नाटक लिहिले. १९२२ साली परतले. पण आता ते पगारी माणूस होते.

या ठिकाणी अमेरिकेतील एक उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही. वॉल्ट डिस्ने यांची कॅन्सस शहरातील पहिली कंपनी १९२३ साली दिवाळ्यात निघाली. त्याच वर्षी लॉस एंजलिसला चुलत्याकडे राहून त्यांनी दुसरी काढली, ती वडील बंधू रॉय यांच्या भागीदारीत. चित्रे वॉल्टची, वह्या रॉयच्या. १९२८ साली त्यांचा गाजलेला ससा वितरकाने कराराच्या बळावर हिरावून घेतला. दोघे भाऊ त्यातून धडा शिकले. त्यानंतरच्या उंदराची मालकी त्यांनी सोडली नाही. १९४० साली त्या कंपनीचे भाग बाजारात विकले गेले. वॉल्टचाही खर्च हाताबाहेर जाई, रॉयही कपाळाला हात लावी. पण वही मिटून निघून जाणे दोघांनाही शक्य नव्हते. फाळक्यांच्या घरी रॉयची जागा घेण्यासारखी एकच व्यक्ती होती, आणि भागीदारांच्या बैठकीत स्त्रीला बोलावण्याचा तो काळ नव्हता.

नाशकाची कंपनी पुढे दहा-बारा वर्षे चालली. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला. मूक म्हणून काढलेल्या ‘सेतुबंधन’वर मागाहून आवाज चढवावा लागला, आणि थोड्याच काळात कंपनी मिटली. इकडे १९२९ साली कोल्हापुरात निघालेल्या प्रभात कंपनीने १९३२ साली बोलका ‘अयोध्येचा राजा’ आणला. तोच हरिश्चंद्र, आता तोंडाने बोलणारा. प्रभातच्या मालकांत दामले व फत्तेलाल हे स्वतःच कारागीर होते, ही गोष्ट आमच्या मते लहान नव्हे. १९३४ साली, पुण्यास आल्यानंतर, त्याच कंपनीने ‘जंबूकाका’ हे व्यंगपट काढले. दादासाहेबांचा एकुलता बोलपट ‘गंगावतरण’ कोल्हापूर सिनेटोनकरिता १९३७ साली निघाला. डिस्नेंची हिमगौरीही त्याच वर्षी पडद्यावर आली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकास त्यांचे देहावसान झाले.

‘हरिश्चंद्र’ आणि ‘कालियामर्दन’ यांचे भाग आज पाहावयास मिळतात. आगकाड्या मात्र गेल्या. १९३४ सालीच कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गुणमय बॅनर्जी यांचे एक लहानसे व्यंगचित्र पडद्यावर आणले. दादरच्या कुंडीची वार्ता त्यांच्या कानी होती असे म्हणण्यास आमच्याजवळ काही आधार नाही. पण त्या चित्रातील पात्रे वाटाण्याची होती.