बटलर, सर एडविन जॉन
(१३ ऑगस्ट १८७४—४ एप्रिल १९४३). आयरिश कवकवैज्ञानिक व भारतातील वनस्पतिरोगविज्ञानाचे प्रवर्तक. त्यांचा जन्म आयर्लंडमधील किल्की येथे झाला. कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजातून १८९८ मध्ये वैद्यकाची पदवी घेतल्यावर ते कवकांच्या (बुरशीसारख्या हरितद्रव्यरहित सजीवांच्या) अभ्यासाकडे वळले. १९०१ मध्ये त्यांची भारत सरकारचे पहिले अपुष्प-वनस्पतिवैज्ञानिक म्हणून कलकत्त्यास नेमणूक झाली. पुढे त्यांनी पुसा (बिहार) येथील कृषी संशोधन संस्थेत काम केले.

रोगाचे कारण निश्चित करणे ही उपायाची पहिली पायरी होय, ही वैद्यकातील दृष्टी त्यांच्या संशोधनात दिसते. जमिनीत ओल असूनही तुरीची झाडे वाळतात, त्या मर रोगास जमिनीतील फ्युजेरियम कवक कारणीभूत असून ते मुळांवाटे जलवाहिन्यांत शिरते, असे त्यांनी दाखविले व रोगास दाद न देणाऱ्या झाडांच्या निवडीचा मार्ग सुचविला. पूर्व बंगालमधील भाताच्या ‘उफ्रा’ रोगाचे कारण मात्र कवक नसून सूक्ष्म सूत्रकृमी आहे, हे त्यांनी १९१३ मध्ये सिद्ध केले. कवकांच्या तज्ञानेच येथे कवकास निर्दोष ठरविले, हे विशेष होय.

फंजाय अँड डिसीज इन प्लँट्स (१९१८) हा त्यांचा ग्रंथ भारतीय पिकांच्या रोगांविषयी पायाभूत मानला जातो. १९२०—३५ या काळात ते क्यू (इंग्लंड) येथील इंपीरियल ब्यूरो ऑफ मायकॉलॉजी या संस्थेचे पहिले संचालक होते. बिस्बी यांच्यासमवेत त्यांनी द फंजाय ऑफ इंडिया (१९३१) हा सूचिग्रंथ सिद्ध केला. ते रॉयल सोसायटीचे सदस्य (१९२६) होते. १९३९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.